चार आकडी माप

"पिन चुकीचा आहे. आपले दोन प्रयत्न शिल्लक आहेत," मशीनमधली बाई म्हणाली. आवाज इतका गोड की मास्तरांना वाटलं, हिच्या घशात दोऱ्याची एक बॉबिन कोंबावी.

"चुकीचा कसा असेल?" मास्तरांनी मशीनला विचारलं. मशीन गप्प. मागे रांगेत उभे असलेले एक निवृत्त गृहस्थ मात्र म्हणाले, "ते फडकं बाजूला करून बघा की."

"का? तुम्हाला आकडे नीट दिसावेत म्हणून?"

गृहस्थ दोन पावलं मागे सरकले आणि छताकडे बघू लागले.

फडकं म्हणजे काळ्या अस्तराचा हातभर तुकडा होता. वाचनालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावलेली होती: पिन कुणाला सांगू नका, कुठे लिहून ठेवू नका, टाकताना कुणी पाहत नाही याची खात्री करा. लोक अशा सूचना वाचतात आणि सोडून देतात. मास्तर सोडणाऱ्यातले नव्हते. हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. बत्तीस वर्षं पुरुषांचे कपडे शिवत होते आणि नियम पाळायचा तर तो काठाशिवणीसारखा पाळायचा, मधे कुठे सुटायला नको, असा त्यांचा खाक्या होता. म्हणून पिन टाकायचा झाला की ते अस्तराचा तुकडा कीपॅडवर अंथरायचे, दोन्ही हात त्याच्याखाली घालायचे, आणि निव्वळ बोटांच्या अंदाजानं चार आकडे दाबायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस मशीनची नाडी बघतोय.

मशीनच्या शेजारी काचेची दारं असलेले कप्पे होते. लोकांनी राखून ठेवलेली पुस्तकं त्यांत ठेवायची, ज्याचं त्यानं कार्ड लावायचं, पिन टाकायचा, दार आपोआप उघडायचं. सात नंबरच्या कप्प्यात मास्तरांचं पुस्तक ठेवलेलं होतं. जाडजूड, निळ्या पाठीचं, कादंबरीचा तिसरा भाग. काचेतून सगळं दिसत होतं. दार मात्र हूं की चूं करत नव्हतं.

आणि ते पुस्तक आजच हवं होतं. काल फोन करून विचारलं तेव्हा कळलं होतं की आज संध्याकाळी सहापर्यंत नेलं नाही तर ते रांगेतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होतं आणि पुढे सतरा माणसं होती. वाचनालयात प्रत एकच. मास्तरांच्या बायकोचं पंधरा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. एरवी ही बाई दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा वाचल्याशिवाय पिशवी फोडायची नाही. आता डॉक्टरांनी वाचन बंद, टीव्ही बंद, वाकणं बंद केलेलं. दिवसभर काळा चष्मा लावून पडून राहायचं आणि मास्तर दुकानातून घरी आले की ते वाचतील ते तासभर ऐकायचं, एवढाच तिचा दिवस. पहिला भाग झाला, दुसरा झाला. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर जहाजाच्या कप्तानानं वीस वर्षांनी स्वतःच्या घराचं दार ठोठावलं, दार उघडलं, आतल्या बाईकडे बघून कप्तान म्हणाला, "तू?" आणि भाग समाप्त.

"कोण तू?" बायकोनं विचारलं होतं.

"मला काय माहीत? पुढं कोरं पान आहे."

"नीट बघा हो."

मास्तरांनी नीट बघितलं होतं, पुस्तक उलटं धरून झटकलंसुद्धा होतं. त्याला आज आठ दिवस झाले. आठ दिवस ती दर जेवणाला म्हणत होती, "बहीण असेल. नाहीतर पहिली बायको. पण पहिली तर वारली ना?" परवा तर ती झोपेत "तू?" असं म्हणाली आणि मास्तर दचकून उठून बसले. खरं सांगायचं तर दारात कोण उभं होतं हे मास्तरांनाही कळायला हवं होतं. पण ते कबूल करणाऱ्यातले नव्हते.

आता पिनबद्दल. दोन वर्षांपूर्वी कार्ड काढलं तेव्हा काउंटरवरच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, "काका, जन्मतारीख नको, एक-दोन-तीन-चार नको. कुणाच्या ध्यानीमनी येणार नाही असा काहीतरी आकडा ठेवा." मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि मेव्हण्याचं माप ठेवलं. बायकोचा धाकटा भाऊ. त्याच आठवड्यात त्याच्या लग्नाच्या वाढदिवसाचा कोट आणि पँट शिवली होती. छाती चाळीस, कंबर छत्तीस. चाळीस-छत्तीस. जगातला कुठला चोर मास्तरांच्या मेव्हण्याला टेप लावायला जाईल? ह्या कल्पनेवर मास्तर तेव्हा इतके खूश झाले होते की दोन दिवस दुकानात शीळ घालत होते.

तोच आकडा आता मशीनला मान्य नव्हता.

मास्तर विचारात पडले. मेव्हणा हा वाढता माणूस. आधी छत्तीस-बत्तीस होता, मग अडतीस-चौतीस झाला, मग चाळीस-छत्तीस. मापं सगळी डोक्यात होती, पण कुठलं माप कुठल्या वर्षीचं? बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना स्वतःच्या स्मरणशक्तीचा संशय आला, आणि संशय आला की माणूस चुकतो. त्यांनी पुन्हा अस्तर अंथरलं आणि खालून अडतीस-चौतीस दाबलं.

"पिन चुकीचा आहे. आपला एक प्रयत्न शिल्लक आहे."

मागच्या गृहस्थांनी छताकडे बघत एक मोठा उसासा सोडला. मास्तरांनी कार्ड ओढून घेतलं आणि तरातरा काउंटर गाठला.

"मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

ग्रंथपालबाईंनी मान वर केली. "पिन विसरलात का काका?"

"मी विसरत नसतो. तुम्हीच सांगा, माझा पिन काय आहे?"

"आम्हाला दिसत नाही हो. म्हणून तर तो सुरक्षित असतो."

"मग नवीन द्या."

"देते ना. तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर एक कोड येईल, तो सांगा." त्यांनी बटणं दाबली. मास्तर खिशातल्या फोनकडे बघत उभे राहिले. फोन ढिम्म. "शेवटी अठ्ठावीस आहे ना नंबर?"

"तो जुना. तो बंद होऊन वर्ष झालं."

"मग फॉर्म भरा, ओळखपत्राची प्रत जोडा. चोवीस तासांत होईल."

"चोवीस तास? अहो, सहा वाजता पुस्तक जाणार माझं! ते तिथं समोर दिसतंय, तुम्ही मला ओळखता, उघडा ना तो कप्पा!"

"कप्पा माझ्या हातात नाही काका. पिनशिवाय तो मलासुद्धा उघडता येत नाही." बाई खरोखरच कळवळून म्हणाल्या, आणि त्यामुळे मास्तरांना त्यांच्यावर नीट चिडताही येईना. "एक प्रयत्न आहे ना अजून? आठवा शांतपणे. पण हा चुकला तर कार्डच बंद पडेल हं चोवीस तास."

मास्तर दुकानात आले. दुकानात मापांची वही होती. त्यात दोन वर्षांपूर्वीचं पान होतं आणि त्या पानावर मेव्हण्याचं माप. एका मिनिटाचं काम. त्यांनी पान काढलं आणि मटकन स्टुलावर बसले.

पिन कुठेही लिहून ठेवू नका. ज्या दिवशी कार्ड काढलं त्याच संध्याकाळी मास्तरांच्या लक्षात आलं होतं की आपला पिन वहीत लिहिलेला आहे. मग त्यांनी त्या ओळीवर शाई फिरवली. तरी उजेडात धरल्यावर पेनाचे वळ दिसतात असं वाटलं, म्हणून कॉलरला लावतात त्या बकरमचा तुकडा कापला आणि तो गरम इस्त्रीनं त्या जागी चिकटवून टाकला. मास्तरांचं बकरम. ह्या बकरमच्या कॉलरी गिऱ्हाइकं वापरून मरायची, पण बकरम सुटायचं नाही. मास्तरांनी आता वाफ देऊन पाहिलं, ब्लेड लावून पाहिलं, शेवटी चिमट्यानं ओढलं. बकरम जागचं हललं नाही. पान मात्र फाटून हातात आलं.

एवढ्यात फोन वाजला.

"मिळालं का हो?" बायकोचा आवाज.

"गर्दी आहे जरा."

"वाचनालयात? गर्दी?"

"मग? माणसं वाचायला लागलीत आजकाल."

"तुमच्या मागे शिवणयंत्राचा आवाज येतोय," बायको म्हणाली. मास्तरांनी शेजारी बसलेल्या कारागिराला हातानं थांबवलं. "मला काय म्हणायचंय, जमत नसेल तर सांगा. मी काही रागावणार नाही. पडलेय इथं, दिवस काय, कसाही जातो."

रागावली असती तर परवडलं असतं. "सहाच्या आत पुस्तक घेऊन घरी येतो. मी सांगतोय ना," ते म्हणाले आणि टेप गळ्यात तशीच ठेवून दुकानाबाहेर पडले.

वही गेली तरी कोट होता. कपडा खोटं बोलत नाही. मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान होतं, दुपारी तो दोन तास घरी जाऊन आडवा व्हायचा. मास्तरांनी जाऊन घंटी दाबली ती तो दार उघडेपर्यंत दाबूनच धरली.

"भावोजी? तुम्ही ह्या वेळी? ताई बरी आहे ना?"

"ताई बरी आहे. तुझा कोट कुठंय? दोन वर्षांपूर्वी शिवलेला. आणि त्यावरची पँट."

मेव्हण्याचा चेहरा एकदम उतरला. "का हो?"

"ते विचारू नकोस. सांगता येत नाही."

"नाही, म्हणजे... तो लाँड्रीत आहे."

"कुठल्या लाँड्रीत?"

"म्हणजे लाँड्रीतून आणला आणि मग... कुणाला तरी देऊन टाकला वाटतं."

"वाटतं? मी शिवलेला कोट देऊन टाकलास आणि तुला नुसतं वाटतं?" मास्तर थेट आतल्या खोलीत शिरले. मेव्हणा आडवा आला. आडवा यायला त्याच्याकडे आता भरपूर माल होता, पण मास्तर त्याच्या काखेखालून गेले आणि कपाट उघडलं. हँगरांच्या रांगेत अगदी शेवटी राखाडी कोट होता, त्याखाली पँट. मास्तरांनी दोन्ही काढून पलंगावर उलटी पसरली, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आणि थांबले.

मग त्यांनी एका शिवणीवर बोट ठेवलं.

"हा टाका कुणाचा?"

"कुठला?"

"हा! हा जाडजूड, तंगड्या पसरून बसलेला! मी आयुष्यात असा टाका घातलेला नाही. कुणाकडे गेला होतास?"

मेव्हणा पलंगाच्या कडेवर बसला. "चौकातल्या टेलरकडे," तो पुटपुटला. "मागच्या वर्षी बटणं लागेनात. दोन इंच सोडवून घेतला. पँटसुद्धा."

"चौकातल्या!" मास्तर ओरडले. "तो गोधड्या शिवायच्या लायकीचा माणूस! आणि मी मेलो होतो का?"

"तुमच्याकडे आलो असतो तर तुम्ही टेप लावली असती, आणि आकडा मोठ्यानं म्हणाला असता. दुकानात पाच माणसं असतात भावोजी."

"माप मोठ्यानंच म्हणायचं असतं! लिहिणाऱ्याला ऐकू यायला नको?"

"तेच ना," मेव्हणा म्हणाला.

दुसरा एखादा दिवस असता तर मास्तरांनी त्याला तिथंच उभा-आडवा उसवला असता. पण चार वाजून गेले होते. त्यांनी राग गिळला, कोट खिडकीपाशी नेला आणि कामाला लागले. उसवलेल्या शिवणीची एक खूण कापडात राहतेच. सुईची बारीक भोकं राहतात, इस्त्रीची जुनी घडी राहते. मास्तरांनी नखानं ती रेघ शोधून काढली, टेप लावली, कोटाचा सैलपणा वजा केला. छाती चाळीस. पँट घेतली, जुन्या भोकांवरून अठरा इंच, दुप्पट छत्तीस. त्यांनी पुन्हा मोजलं. चाळीस-छत्तीस.

म्हणजे सकाळी पहिल्यांदा दाबलेलाच आकडा बरोबर होता.

"काय झालं भावोजी? असे का बघताय?"

"काही नाही," मास्तर दात आवळून म्हणाले. समाधान व्हायच्या ऐवजी त्यांचं डोकं आणखीच तापलं होतं. आकडा बरोबर, माणूस बरोबर, मग मशीन नाही का म्हणालं? शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली की सकाळी बोट घसरलं असेल. "कोट माझ्याकडे पाठवून दे. तो टाका मी काढणार. कपाटात असला टाका ठेवून तुला झोप येते तरी कशी?"

बस मिळाली नाही. मास्तर अर्धा रस्ता चालले आणि उरलेला अर्धा जवळजवळ धावले. वाचनालयात पोचले तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. सात नंबरच्या कप्प्यात निळं पुस्तक होतं तसंच होतं. मास्तरांनी कार्ड लावलं, आजूबाजूला पाहिलं, अस्तर काढून एकेरी नाही, दुहेरी घडी करून अंथरलं, श्वास रोखला, आणि एकेका आकड्यावर बोट घट्ट दाबत, अजिबात न घसरता, चाळीस-छत्तीस टाकलं.

"पिन चुकीचा आहे. आपले कार्ड चोवीस तासांसाठी बंद करण्यात आले आहे. धन्यवाद."

"धन्यवाद कसले देतेस!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की वाचनकक्षातले चार पेपर एकदम खाली आले.

ग्रंथपालबाई काउंटर सोडून धावत आल्या. मास्तर मशीनच्या अंगावर हात ठेवून उभे होते. "मॅडम, आकडा बरोबर आहे. मी त्याच्या कोटातून काढलाय. सुईच्या भोकांवरून काढलाय."

बाईंना ह्यातलं काहीच कळलं नाही. पण त्यांचं लक्ष अस्तराकडे गेलं. "काका, तुम्ही ह्याच्याखालून आकडे दाबता? न बघता?"

"दोन वर्षं दाबतोय. कुठली कळ कुठं आहे ते बोटांना पाठ आहे."

बाईंनी अस्तराचं टोक धरून ते हळूच उचललं. "मशीन चारच दिवसांपूर्वी बदललं हो. जुन्याला एक-दोन-तीन वर होते. ह्याला सात-आठ-नऊ वर आहेत, एक-दोन-तीन खाली."

मास्तरांनी कीपॅडकडे पाहिलं. नव्या कीपॅडचं तोंड ते पहिल्यांदाच बघत होते. सकाळपासून त्यांनी तीनाच्या जागी नऊ दाबला होता. पान फाडलं, घरी खोटं बोलले, मेव्हण्याच्या कपाटात शिरले, एवढं सगळं केलं, आणि फडकं तेवढं उचललं नाही. सकाळच्या त्या निवृत्त गृहस्थांनी सांगितलं होतं. मास्तरांना त्या गृहस्थांचा फार राग आला.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता कार्ड बंद पडलं काका. उद्या उघडेल."

सहा वाजले. सात नंबरच्या कप्प्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. पुस्तक त्याच काचेआड, त्याच जागी, आणि आता दुसऱ्या कुणाचं तरी. मास्तर बाकावर बसले. घरी जाऊन काय सांगायचं? ती काही बोलणार नाही, "असू दे" म्हणेल, काळ्या चष्म्यानं भिंतीकडे बघत पडून राहील. ते "असू दे" मास्तरांच्या कानांत आत्ताच वाजायला लागलं होतं. सतरा माणसं. एकेकानं पंधरा-पंधरा दिवस ठेवलं तरी वर्ष जवळजवळ निघून जाणार.

फोन वाजला. बायकोच होती.

"अगं, ऐक, काय झालं माहितीये का..."

"तिथंच थांबा," बायको म्हणाली. "मी येतेय."

"तू? अगं तुझा डोळा!"

"वाचायला बंदी आहे, चालायला नाही. थांबा म्हटलं ना."

वीस मिनिटांनी ती आली. काळा चष्मा, डोक्यावर रुमाल, आणि आधाराला मेव्हणा. मास्तरांकडे न बघता, कारण तिला ते नीट दिसलेच नाहीत, ती सरळ ग्रंथपालबाईंना म्हणाली, "मला मेसेज आलाय, भावानं वाचून दाखवला. सात नंबर. माझं पुस्तक तयार आहे म्हणून."

"तुझं?" मास्तर उभे राहिले. "तुझं कार्ड कुठनं आलं?"

"काढलं दोन महिन्यांपूर्वी. ह्यानं आणून दिलं," तिनं भावाकडे बोट केलं. "ज्या दिवशी तुम्ही पुस्तक राखून ठेवलंत ना, त्याच दिवशी तुमच्या पाठोपाठ मी पण नंबर लावला. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? तुम्ही काहीतरी घोळ घालणारच."

मास्तरांना ह्यावर संतापायचं होतं, पण समोर निळं पुस्तक होतं, त्यामुळे संताप त्यांनी बाजूला ठेवला. बायकोनं पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच टाका आकडे. मला कळा दिसत नाहीत."

ग्रंथपालबाई लगेच म्हणाल्या, "काकू, मोठ्यानं सांगू नका हं. कानात सांगा." आणि स्वतः मान वळवून उभ्या राहिल्या. मेव्हण्यानंही पाठ केली.

बायकोनं मास्तरांच्या कानाशी तोंड नेलं. "तुमचंच माप ठेवलंय," ती कुजबुजली. "म्हणजे मी विसरणार नाही. आधी छाती, मग कंबर. बेचाळीस, एक्केचाळीस."

"एक्केचाळीस?" मास्तर ओरडले. "माझी कंबर एक्केचाळीस?"

ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. वाचनकक्षातले पेपर पुन्हा खाली आले.

"अहो, हळू!"

"हळू काय हळू! छत्तीस आहे माझी कंबर! लग्नाच्या वेळी छत्तीस होती आणि आजही मी माझी पँट छत्तीसच कापतो! कापतो की नाही?"

"कापता हो. कोण नाही म्हणतंय?"

"मग!" मास्तरांनी कार्ड लावलं आणि अस्तर वगैरे काहीही न अंथरता, सगळ्यांच्या देखत, ठसक्यात बेचाळीस-छत्तीस दाबलं.

"पिन चुकीचा आहे. आपले दोन प्रयत्न शिल्लक आहेत."

मेव्हण्याचे खांदे हलायला लागले. तो पाठमोरा होता म्हणून वाचला.

"अहो," बायको अगदी शांतपणे म्हणाली, "कप्तान दारात उभा आहे. आठ दिवस उभा आहे बिचारा. एक्केचाळीस टाका."

मास्तरांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा बायकोच्या काळ्या चष्म्याकडे. मग त्यांनी चार दाबला, दोन दाबला, पुन्हा चार दाबला, आणि एकावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. शेवटी दाबला.

"पिन बरोबर आहे," मशीनमधली बाई साऱ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. दार खटकन उघडलं.

"काकू, तेवढा पिन उद्या बदला हं," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर बायको पलंगावर टेकून बसली, पाय पसरले, हात पोटावर ठेवले. "हं, वाचा."

"एक मिनिट," मास्तर म्हणाले. ते आतल्या खोलीत गेले, दिवा लावला आणि कपाटातली आपली दुसरी पँट काढली. मागच्याच वर्षी स्वतःच्या हातानं कापलेली, शिवलेली, छत्तीस कंबर. त्यांनी ती उलटी केली, चष्मा नाकावर ओढला आणि मागची शिवण दिव्याखाली धरली. जुन्या भोकांची रेघ आत राहिली होती. तिच्या बाहेर, दोन्ही बाजूंना कापड शेवटपर्यंत सोडवून आणि वर त्याच रंगाची पट्टी लावून, नवी शिवण घातलेली होती. हातानं घातलेली. बारीक, एकसारखी, कुठेही न ओढलेली. त्यांनी तिसरी पँट काढली. चौथी काढली. सगळ्यांना तीच शिवण होती.

"अहो, सापडलं का काय शोधताय ते?" बाहेरून आवाज आला.

मास्तरांनी पँटा घडी करून जागच्या जागी ठेवल्या आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. निळं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर अंगठा ठेवला, पण लगेच वाचायला सुरुवात केली नाही.

"टाका फार सरळ घालतेस तू," ते म्हणाले.

बायकोनं काळा चष्मा बोटानं नीट बसवला.

"वाचा आता," ती म्हणाली.